मोजो आत्ता शिकायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला दर रविवारी सकाळी आमचा सात-आठ प्रोग्रामरांचा कट्टा भरतो. चहा, कोणाच्या तरी घरचे पोहे आणि लॅपटॉप. गेली दोन वर्षं तिथे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात: मोजो नावाची नवी प्रोग्रामिंग भाषा आली म्हणे, शिकू का, कामात वापरू का, की थांबू? प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमलो, म्हणून हे एकदाच लिहून टाकतो. मी वीसेक वर्षं कोड लिहून पोट भरतोय. मोजो काढणाऱ्या कंपनीशी माझा काही संबंध नाही.

मोजो म्हणजे नेमकं काय? भाषा की प्लॅटफॉर्म?

भाषा. प्लॅटफॉर्म वेगळा आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मॉड्युलर नावाची कंपनी २०२२ च्या सुरुवातीला ख्रिस लॅटनर आणि टिम डेव्हिस यांनी काढली. दोघेही आधी गूगलमध्ये होते. २ मे २०२३ ला त्यांनी मोजो जाहीर केली. दिसायला पायथनसारखी, पण कंपाइल होणारी आणि सीपीयूबरोबर जीपीयूवरही (एका वेळी हजारो गणितं करणारी चिप) चालणारी. एआय मॉडेल चालवण्यासाठी मॅक्स नावाचा प्लॅटफॉर्म त्याच कंपनीचा आहे आणि त्याच्या पोटातला वेगाचा भाग मोजोत लिहिलेला आहे.

म्हणजे तुम्ही नुसतं मॅक्सवर एखादं मॉडेल चालवलंत, तर मोजोची एकही ओळ लिहावी लागत नाही. उलट मोजोत छोटा प्रोग्राम लिहिलात, तर मॅक्सचं तोंडही बघावं लागत नाही. ‘मोजो वापरायची का’ असं विचारणाऱ्या निम्म्या लोकांना खरं तर मॅक्सबद्दल विचारायचं असतं. आधी ते ठरवा. हे पान भाषेबद्दल आहे.

एवढा गाजावाजा कशासाठी? नव्या भाषा तर रोज येतात.

माणसामुळे. लॅटनरने २००० साली इलिनॉय विद्यापीठात विद्यार्थी असताना एलएलव्हीएमचं, म्हणजे कंपायलर बांधायच्या सामायिक पायाचं, काम सुरू केलं. आज क्लँग, रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या सगळ्यांच्या कंपायलरखाली एलएलव्हीएम आहे. त्याचे मार्गदर्शक प्राध्यापक विक्रम आडवे. ते पवईच्या आयआयटीतून बी.टेक. झालेले, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. पुढे अ‍ॅपलमध्ये लॅटनरने स्विफ्ट ही आयफोन अ‍ॅपची भाषा सुरू केली आणि गूगलमध्ये एमएलआयआर ही कंपायलर बांधायची नवी चौकट उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता. मोजो त्याच एमएलआयआरवर बांधलेली आहे.

पण त्याच माणसाच्या खात्यावर ‘स्विफ्ट फॉर टेन्सरफ्लो’सुद्धा आहे. स्विफ्टमध्ये एआय मॉडेलं लिहिता यावीत म्हणून २०१८ मध्ये वाजतगाजत आलेला हा गूगलचा प्रकल्प २०२१ मध्ये गुंडाळला गेला. लॅटनर त्याआधीच गूगल सोडून गेला होता. हुशार माणूस, उत्तम रचना, मागे गूगलचा पैसा, आणि तरीही तो उभा राहिला नाही. सूतगिरणी उत्तम चालवणाऱ्याचं कापडाचं दुकानही चालेलच असं नाही.

पायथनपेक्षा पस्तीस हजार पट वेगवान हे खरं का?

आकडा खोटा नाही. पण तो कशाचा आहे ते बघून घ्या, कारण या एका आकड्यावर कट्ट्यावर जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नाहीत.

कंपनीने मँडलब्रॉट संचाचं चित्र काढायला लावलं. प्रत्येक बिंदूसाठी एक संख्या घ्यायची, तिचा वर्ग करून मूळ बिंदू मिळवायचा, पुन्हा वर्ग, पुन्हा बेरीज, ती हाताबाहेर जाईपर्यंत. साध्या पायथनमध्ये हे म्हणजे पंगतीत भाताचा एकेक दाणा वाढणारा वाढपी. त्यातही प्रत्येक दाणा वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी. हे मी चेष्टेने म्हणत नाही. ६४ बिटच्या पायथनमध्ये ‘१’ हा साधा पूर्णांक २८ बाइट खातो, सी भाषेत त्याला ८ पुरतात. वाढपी दर वेळी डबा उघडणार, चिठ्ठी वाचणार, दाणा काढणार, वाढणार, आणि मग रिकामा डबा विसळायला टाकणार.

तोच कोड मोजोत जवळपास जसाच्या तसा लिहिला की डबे आणि चिठ्ठ्या जातात. एवढ्यानेच वेग नव्वदएक पट वाढतो. मग सिमड, म्हणजे एका सूचनेत अनेक संख्यांवर एकदम काम. ५१२ बिटच्या रजिस्टरमध्ये ६४ बिटच्या आठ संख्या मावतात. मग सगळे कोअर कामाला लावायचे. कंपनीने पुढे ६८ हजार पटींचा आकडा दिला तो ८८ कोअरच्या यंत्रावरचा. आता गुणाकार करून बघा: ९० गुणिले ८ गुणिले ८८. त्रेसष्ट हजारांच्या वर जातो. जादू नाही, हिशेब आहे.

ही तुलना होती पायथनच्या नागड्या लूपशी, आणि असं काम पायथनच्या नागड्या लूपमध्ये पोटापाण्यासाठी कोणी करत नाही. नमपाय किंवा नंबा या पायथनच्या गणिताला वेग देणाऱ्या लायब्रऱ्या वापरणाऱ्याला फरक दिसेल, पण हजारांत नाही. तुमचा प्रोग्राम डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसत असेल, तर फरक शून्य. वाढपी कितीही चपळ असू दे, भातच शिजला नसेल तर काय वाढणार?

मला पायथन येते. म्हणजे मोजो येतेच ना?

पहिला तासभर तसं वाटतं. दुसऱ्या तासाला कळतं की मांडणी ओळखीची आहे आणि आतला व्यवहार वेगळा. व्हेरिएबलचा प्रकार सांगावा लागतो. एखादी गोष्ट फंक्शनला दिली की ती नुसती वाचायला दिली, बदलायला दिली की कायमची देऊन टाकली, याचा विचार करावा लागतो. रस्ट केलेल्याला हे सरावाचं असतं. फक्त पायथन केलेल्याला वाटतं कंपायलर मुद्दाम छळतोय.

सुरुवातीला मोजो ‘पायथनचा सुपरसेट’ होणार असं सांगितलं जायचं, म्हणजे पायथनचा कुठलाही प्रोग्राम तसाच चालेल. तो सूर नंतर बराच खाली आला. झाली तर झाली, नाही झाली तरी भाषा उपयोगी आहेच, अशी आता भूमिका आहे. मला ती जास्त प्रामाणिक वाटते. मोजोत पायथनसारखे क्लास नाहीत, स्ट्रक्ट आहेत. पायथनची लायब्ररी मोजोतून बोलावता येते, पण ती चालते पायथनच्याच वेगाने. त्यामुळे ‘पांडाज मोजोतून इम्पोर्ट केलं, वेग का नाही वाढला?’ हा प्रश्न कृपया पुन्हा विचारू नका.

बरं, मग मी शिकू का? सरळ सांगा.

तुम्ही कोण आहात त्यावर आहे, आणि हे वाक्य टोलवाटोलवीचं नाही.

जीपीयूचे कर्नल, म्हणजे जीपीयूवर चालणारी फंक्शनं, लिहिणं हेच तुमचं काम असेल, कूडा (एनव्हिडियाच्या जीपीयूंसाठी कोड लिहायची प्रणाली) सी++ मध्ये टेम्प्लेटच्या जंगलात तुमचे दिवस जात असतील, तर उशीर करू नका, आजच बसा. मोजोचा खरा कस तिथे लागतो. एकच कोड एनव्हिडियावर आणि एएमडीवरही चालवता येणं ही त्या मंडळींसाठी चैन नाही, गरज आहे. कूडा २००७ पासून आहे आणि ती फक्त एनव्हिडियाची.

डेटा अ‍ॅनालिटिक्स, वेब, बँकेचं बॅकएंड, ईआरपी यांत असाल तर मोजो माहीत असू द्या, वापरू नका. तुमचं दुखणं वेगळं आहे, हे औषध त्यावरचं नाही.

तिसरा गट विद्यार्थ्यांचा, आणि तिथे माझं मत दर सहा महिन्यांनी हलतं. सध्याचं असं: पायथन नीट येत असेल, सी थोडीफार येत असेल, तर एक सुट्टी मोजोवर घालवायला हरकत नाही. या दोन्ही नसतील तर नको. सांगलीचा एक मुलगा कट्ट्यावर आला होता. ‘दादा, सी सोडून डायरेक्ट मोजो केली तर?’ मी त्याला पॉइंटर म्हणजे काय विचारलं. तो हसला आणि म्हणाला, ‘तेच टाळायचंय.’ ते टळत नाही रे बाबा. मोजोतही पॉइंटर आहेत.

भाषा अजून बदलते का?

बदलते म्हणजे काय विचारता! मी २०२४ च्या जानेवारीत फोटो धूसर करणारी तीनेकशे ओळींची एक फाइल लिहिली होती. न बदलणाऱ्या किमतींसाठी तेव्हा ‘लेट’ हा शब्द होता, तो मी इमानेइतबारे सगळीकडे वापरला होता. फेब्रुवारीच्या अखेरीस २४.१ आवृत्ती आली आणि ‘लेट’ भाषेतूनच गेला. सगळीकडे ‘व्हार’ केलं. वर्षाच्या शेवटी २४.६ आली आणि ‘इनआउट’चं ‘म्यूट’ झालं, ‘बॉरोड’चं ‘रीड’ झालं. पुन्हा फाइल उघडली, पुन्हा शोधा आणि बदला. धूसर व्हायचा तो फोटो राहिला बाजूला.

राग येतो, पण त्यांचंही बरोबर आहे. ‘म्यूट’ हा ‘इनआउट’पेक्षा चांगलाच शब्द आहे, आणि बदल करायचे तर ते वापरणारे मोजके असतानाच करावेत. स्विफ्टचं उदाहरण घ्या. २ जून २०१४ ला जाहीर झाली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये स्विफ्ट ३ आली तेव्हा जुना कोड इतका मोडला की आयफोनवाल्या टीमांनी कित्येक दिवस फक्त स्थलांतर केलं. बायनरी पातळीवरचं स्थैर्य यायला मार्च २०१९ उजाडलं. तोवर प्रत्येक अ‍ॅपला स्विफ्टची लायब्ररी स्वतःच्या पाठीवर बांधून न्यावी लागायची.

याच्या उलट गो भाषा. नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली, मार्च २०१२ मध्ये १.० आली, आणि त्या दिवशी त्यांनी लेखी वचन दिलं की यापुढे जुना कोड मोडणार नाही. ते आजवर पाळलंय. म्हणून नव्या भाषेत मी पहिली गोष्ट बघतो ती हीच: १.० आली का, आणि तिच्याबरोबर वचन काय दिलं? मोजोच्या १.० चा रस्ता कंपनीने २०२५ च्या अखेरीस जाहीर केला, मुक्कामाचं वर्ष २०२६. त्याआधी पगाराचं काम मोजोत करायचं असेल, तर दर आवृत्तीमागे एक दिवस दुरुस्तीचा धरून चला.

ओपन सोर्स आहे ना?

अर्धवट. मानक लायब्ररी मार्च २०२४ मध्ये अपाचे २.० परवान्याखाली खुली झाली. २०२५ मध्ये जीपीयू कर्नलचा मोठा साठाही खुला केला, आणि मोजो शिकायला त्याच्याइतकं चांगलं साहित्य मला दुसरं सापडलेलं नाही. कंपायलर मात्र बंद, तो २०२६ मध्ये खुला करू असं सांगितलंय. घर दाखवलं, अंगण दाखवलं, स्वयंपाकघराला कुलूप. किल्ली देणार म्हणतात. मिळाली की या उत्तरात बदल करीन.

कंपनी बुडाली किंवा कोणी विकत घेतली तर?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे, आणि ते बहुतेक माझ्या वयाचे असतात, कारण त्यांचे हात पोळलेले असतात.

मॉड्युलरने ऑगस्ट २०२३ मध्ये १० कोटी डॉलर उभे केले, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी २५ कोटी. पैसा आहे. पण पैशाने भाषा जगते असं थोडंच आहे? मायक्रोसॉफ्टकडे पैसा कमी होता का? त्यांचं सिल्व्हरलाइट हे ब्राउझरचं प्लगइन २००७ मध्ये आलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचा आधार संपला. मरण त्याच्या कितीतरी आधीच आलं होतं, एचटीएमएल ५ आणि फोन आल्यावर. गूगलची डार्ट तर अजब नमुना. ऑक्टोबर २०११ मध्ये जावास्क्रिप्टची जागा घ्यायला आली. क्रोममध्ये तिचं इंजिन बसवायचा बेत २०१५ मध्ये रद्द झाला. सगळ्यांनी तिचं तेरावं उरकलं. आणि मग डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटर हे मोबाइल अ‍ॅप बनवायचं साधन १.० ला आलं आणि डार्ट पुन्हा उभी राहिली, भलत्याच कामासाठी. २०१२ मध्ये डार्ट शिकलेला माणूस बरोबर होता की चूक? बरोबर होता, फक्त सहा-सात वर्षं आधी.

उलट रस्ट बघा. तिला वाढवणाऱ्या मोझिलाने ऑगस्ट २०२० मध्ये मोठी कपात केली, त्यात रस्टवर काम करणारे लोकही गेले. भाषा मेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रस्ट फाउंडेशन उभं राहिलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ च्या कर्नलमध्ये (हा कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रस्टचा शिरकाव झाला. फरक काय? रस्टचा कंपायलर पहिल्यापासून सगळ्यांचा होता. आई-बाप गेले तरी वाढवायला अख्खा गाव होता. म्हणून वरच्या कुलपाबद्दल मी एवढा चिकटपणे बोलतोय.

माझंही सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कंपनीत आम्ही आठ जण ब्राउझरच्या प्लगइनवर चालणाऱ्या एका तंत्रात परदेशी गिऱ्हाइकासाठी डॅशबोर्ड करत होतो. कंपनीचं नाव राहू दे, तंत्राचंही राहू दे. दोन वर्षं काम केलं. देखणं होतं, अजून माझ्याकडे त्याचे स्क्रीनशॉट आहेत. मग एक दिवस गिऱ्हाइकाच्या साहेबाने ते टॅबलेटवर उघडलं. पांढरा पडदा. दुसऱ्या आठवड्यात ‘पुन्हा पहिल्यापासून लिहायला किती दिवस लागतील’ अशी मेल आली. आमची चूक तंत्र निवडण्यात नव्हती. हिशेबाची सूत्रं, तारखांचे नियम, सवलतींची गणितं, सगळं आम्ही त्या प्लगइनच्या पडद्यांतच विणून ठेवलं होतं. ते वेगळं ठेवलं असतं तर पडदे तेवढे बदलले असते.

म्हणजे उशिरा गेलेलं बरं? पण लवकर शिकणाऱ्याला फायदा होतो ना?

होतो. मे २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत मान्यता दिली, तेव्हा ज्यांना ती आधीच येत होती त्यांना पुढचं वर्ष फार सुखाचं गेलं. आमच्या ओळखीतल्या एकीने तर त्या जोरावर दोन कंपन्यांना थांबवून ठेवलं आणि तिसरीत गेली.

पण कोटलिन का जिंकली हे बघण्यासारखं आहे. जेटब्रेन्सने ती २०११ मध्ये दाखवली, २०१६ मध्ये १.० आणली, आणि या सगळ्या काळात तिची एक खासियत होती: जावाच्या चालू प्रकल्पात एकच फाइल कोटलिनमध्ये लिहिता यायची. बाकीच्या चारशे फाइली जावात सुखाने नांदत. नाही आवडलं तर ती एक फाइल परत जावात. जायला वाट आणि यायलाही वाट.

मोजोचं मोल मी याच काट्यावर करतो. २०२५ पर्यंत मोजोतून पायथन बोलावता यायची, पण पायथनमधून मोजोचं फंक्शन सहज बोलावता येत नव्हतं. म्हणजे अख्खा प्रोग्राम मोजोत सुरू करायला हवा. हे म्हणजे एक खोली रंगवायची म्हणून घर बदलणं. २०२५ मध्ये उलटी वाट उघडली, अजून कच्ची आहे, खडी पसरलेली, पण आहे. माझ्या दृष्टीने पस्तीस हजारांच्या आकड्यापेक्षा ही बातमी मोठी होती. पायथनच्या प्रकल्पातलं एकच जड फंक्शन मोजोत उतरवा, बाकीचं जिथल्या तिथे ठेवा. जमलं तर दुसरं फंक्शन. नाही जमलं तर एक फाइल पुसा.

तोवर पायथनच वेगवान झाली तर?

होतेच आहे. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये जीआयएलशिवाय (एका वेळी एकच थ्रेड चालू देणाऱ्या कुलपाशिवाय) चालणारी प्रायोगिक आवृत्ती आली, ३.१४ मध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे अनेक थ्रेड खरोखर एका वेळी चालतात. नव्या भाषेची तुलना आपण जुन्या भाषेच्या आजच्या रूपाशी करतो, पण नवी पिकेपर्यंत जुनीही गप्प बसत नाही. तरीही डबे-चिठ्ठ्यांचा कारभार पायथनमधून जाणार नाही, कारण तिची लवचीकता त्यातच आहे. जीपीयूचा कर्नल साध्या पायथनमध्ये लिहाल असा दिवस मला दिसत नाही.

ज्युलिया, रस्ट, ट्रायटन? यांतलं काही शिकलो तर?

रस्ट नोकरीला आणि डोक्याला, दोन्हीला चांगली. ज्युलिया वैज्ञानिक गणितवाल्यांना. ट्रायटन, म्हणजे पायथनमधूनच जीपीयूचे कर्नल लिहायची भाषा, पायटॉर्च या एआय लायब्ररीवाल्या मंडळींना आज, आत्ता उपयोगी, आणि तिच्यासाठी पायथन सोडावी लागत नाही. फक्त जीपीयूकडे ओढ असेल आणि हातात महिनाभरच असेल, तर मी आधी कूडाची ओळख करून घ्या म्हणेन. नीरस सल्ला आहे, माहीत आहे.

कोड आता एआयच लिहून देतं. मग भाषा कुठली याने काय फरक पडतो?

नव्या भाषेत तर उलट जास्तच पडतो. या मॉडेलांनी पायथनचा आणि जावाचा ढीगभर कोड वाचलेला असतो, मोजोचा चिमूटभर. आणि त्या चिमटीतही जुन्या आवृत्त्या जास्त. कट्ट्यावर एकाने मॅट्रिक्सचा गुणाकार लिहून मागितला, तर उत्तरात ‘लेट’ होतं, ‘इनआउट’ होतं, आणि मधेच मोजोत नसलेलं पायथनचं एक फंक्शन आत्मविश्वासाने ठोकून दिलेलं. दिसायला झकास, कंपाइल होईना. अर्धा तास तो एआयला समजावत होता, एआय त्याला माफी मागत होतं. शेवटी त्याने मोजोच्या मानक लायब्ररीतली खरी फाइल उघडून वाचली आणि दहा मिनिटांत काम झालं.

एवढं करून मोजो नाहीच टिकली, तर शिकलेलं सगळं वाया?

इथे पुण्याचीच एक गोष्ट सांगतो. १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याच्या आत इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, एकमेकांशी तारांनी बोलणारे छोटे प्रोसेसर. त्या ट्रान्सप्युटरसाठी इन्मॉसने ऑकॅम नावाची खास भाषा काढली होती, १९८३ मध्ये. म्हणजे नवी चिप, नवा प्लॅटफॉर्म, नवी भाषा, आजच्यासारखंच सगळं. नव्वदच्या दशकात ट्रान्सप्युटर मागे पडले आणि त्यांच्याबरोबर ऑकॅमही. आज कट्ट्यावरच्या एकाही पोराने ते नाव ऐकलेलं नव्हतं.

परम मात्र थांबला नाही. पुढचे परम वेगळ्या प्रोसेसरवर झाले. काम कसं वाटायचं, प्रोसेसर एकमेकांसाठी कुठे खोळंबतात, निरोपांची ने-आण कुठे महाग पडते, हे ज्यांना उमजलं होतं त्यांना चिप बदलल्याने शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. आणि ऑकॅम ज्या कल्पनेवर उभी होती, टोनी होअर यांची वाहिन्यांमधून निरोप धाडणाऱ्या प्रक्रियांची, तीच २००९ मध्ये गो भाषेत चॅनेल म्हणून परत आली.

मोजोत ‘लेट’ की ‘व्हार’ हे वाया जाणार. मी ते अनुभवलंय. पण मेमरीत डेटा ओळीने कसा मांडायचा म्हणजे कॅशला सोपं जातं, सिमडच्या आठ खणांत काय भरायचं, जीपीयूच्या थ्रेडांना तुकडे कसे वाटायचे, हे शिकलात तर ते कूडात चालेल, ट्रायटनमध्ये चालेल आणि अजून जन्माला न आलेल्या भाषेतही चालेल. मोजो शिकायची तर यासाठी शिका. त्यांची जीपीयूवरची कोडी सोडवा, ती खरंच छान रचली आहेत. नुसती सिंटॅक्स पाठ करून प्रमाणपत्र मिळवायचं असेल तर तो वेळ पोहायला शिकण्यात घाला.

विंडोजवर चालते का?

थेट नाही. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) टाकून चालते. लिनक्स आणि मॅकवर थेट.

रेझ्युमेवर लिहू का?

लिहा, पण ‘मोजो’ एवढाच शब्द लिहू नका. माझ्या पाहण्यात पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत अजून पायथन, सी++ आणि कूडाच मागतात. मुलाखत घेणाऱ्याला मोजो येत नसण्याचीच शक्यता जास्त. ‘अमुक फंक्शन पायथनमध्ये इतक्या सेकंदांचं होतं, मोजोत इतक्या, आणि फरक या कारणाने पडला’ असं एक वाक्य लिहिलंत की पुढचा अर्धा तास मुलाखत तुमच्या अंगणात होते. कारण नीट सांगता यायला हवं मात्र. मी स्वतः मुलाखती घेतो, आणि ‘कंपाइल्ड आहे म्हणून’ या उत्तरावर गप्प बसत नाही.

मॅनेजरने विचारलंय, ‘नवं मॉड्यूल मोजोत करायचं का?’ उद्या उत्तर द्यायचंय. काय सांगू?

उद्या उत्तर देऊ नका, एक आठवडा मागून घ्या. पहिले दोन दिवस प्रोफायलर लावून वेळ नक्की कुठे जातोय ते बघा. दहात आठ वेळा तो क्वेरीत किंवा नेटवर्कवर जात असतो आणि चर्चा तिथेच मिटते. वेळ खरंच एखाद्या गणिती फंक्शनमध्ये जात असेल, तर आधी ते नमपाय किंवा नंबात बसतंय का ते तपासा. त्यानेही भागत नसेल तर तेवढं एक फंक्शन मोजोत लिहा, पायथनमधून बोलवा आणि दोन्हींची उत्तरं खऱ्या डेटावर ताडून बघा. दशांशात फरक पडतो, हिशेबवाल्या प्रोग्रामात तर हमखास. मोजोची आवृत्ती प्रकल्पात गोठवून ठेवा, आपोआप वर चढू देऊ नका. टीममध्ये मोजो वाचता येणारं किमान दुसरं एक माणूस हवं, नाहीतर तुम्ही गणपतीला कोकणात गेलात की फोन वाजत राहणार, आणि रेंज असली तर उचलावाही लागणार.

आणि पायथनचं जुनं फंक्शन पुसू नका. त्याच फाइलमध्ये, शेजारी, चाचण्यांसकट राहू द्या.